सहाव्या वर्षाची दाढ



मूल सहा वर्षांचे झाले म्हणजे त्याच्या पडलेल्या पुढच्या दाताचे घरात मोठे कौतुक होते. त्याच सुमारास जबड्याच्या मागच्या टोकाला पहिली कायमची दाढ निमूटपणे उगवते; तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. अशा दाढा चार असतात. त्या दुधाच्या दातांच्याही मागे येतात, त्यांच्यासाठी एकही दात पडावा लागत नाही. येथेच आईबापांची फसगत होते. ‘दुधाचीच दाढ आहे, किडली तर पडेल आणि नवी येईल,’ असे म्हणून ते स्वस्थ बसतात. पण ही दाढ गेली म्हणजे तिच्या जागी दुसरी येत नाही.

आपण ‘दाताला कीड लागली’ असे म्हणतो. परंतु दातात किडा नसतो. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते दाताचे कठीण कवच विरघळवते. नव्या दाढेच्या माथ्यावर खोल, अरुंद खाचा असतात; ब्रशाचा केसही त्यांत पोहोचत नाही. शिवाय ती पुरती वर येण्यास कित्येक महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दातांहून खाली असते आणि ब्रश तिला स्पर्श न करताच वरून निघून जातो.

म्हणून सात-आठ वर्षांपर्यंत केवळ मुलाच्या हातावर विसंबू नये. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी आईने किंवा वडिलांनी स्वतः ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून ही दाढ घासावी. वेष्टनावर १००० पीपीएम फ्लोराइड लिहिलेली टूथपेस्ट वाटाण्याएवढी पुरे; ती थुंकून टाकावी, गिळू देऊ नये. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्याप्रमाणे जेथे भूजलातच फ्लोराइड अधिक आहे, तेथे आधी दंतवैद्यांना विचारावे. विटेची पूड दात झिजवते. मिश्री तर तंबाखूच होय, ती मुलांच्या हाती कदापि देऊ नये.

गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे. जेवणाबरोबर खाल्लेल्या गुळाच्या खड्यापेक्षा दिवसभर चघळलेल्या गोळ्या अधिक घातक. कारण लाळेला दात सावरण्यास उसंतच मिळत नाही.

आणखी एक उपाय आहे. दाढ पुरती वर आली की दंतवैद्य तिच्या खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपाने बुजवतात. त्यासाठी दात कोरावा लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. जवळच्या दंतमहाविद्यालयात याची चौकशी करावी. बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसऱ्या दाढा येतात, तेव्हाही हेच करावे.

आज रात्री मुलाला दिव्याजवळ बसवून त्याचे तोंड उघडावयास सांगा. मधल्या रेषेपासून एका बाजूस मागे मोजत जा. पडलेल्या दाताची रिकामी जागाही मोजा. सहावा दात दिसला, तर तीच ती दाढ. तिची राखण आजपासून सुरू करा.