पट काढायचा तर पुरता काढा!



गावच्या यात्रेतला कुस्त्यांचा फड तुम्ही पाहिलाच असेल. आमच्या धाराशिवला नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या नि शिवराज राक्षेनं गदा पटकावली. तेव्हा बरीच मुलं शाळेत एकमेकांचे पाय ओढत होती!

पण पाय ओढणं वाटतं तितकं सोपं नाही बरं का. 'दुहेरी पट' हा डाव घ्या. गुडघ्यांत वाकायचं, आत घुसायचं नि समोरच्याचे दोन्ही पाय कवेत धरायचे. आता समजा, निम्म्यात गेल्यावर मनात आलं, 'जमेल ना?' झालं! तेवढ्यात समोरचा आपले पाय मागं फेकतो, सगळं वजन तुमच्या मानेवर टाकतो नि फिरून ताबा घेतो. गादीवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत त्या ताब्याचे २ गुण. डाव तुमचा, गुण त्याचे!

मग डावच टाकला नाही तर? तेही चालत नाही. नुसतं मागं सरकणाऱ्या पैलवानाला पंच आधी ताकीद देतात. पुन्हा तसंच केलं तर ३० सेकंदांची मुदत लागते. तेवढ्यात कुणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला १ गुण! जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुन्या जुजुत्सुमधून ज्युदो घडवला. त्यातही लढायचं टाळलं की 'शिडो' हा दंड बसतो. असे तीन दंड झाले की लढत गेली.

म्हणजे डोळे मिटून उडी घ्यायची का? मुळीच नाही. ती झाली घाई. खडाखडी चालू असते तेव्हा पैलवान समोरच्याचा पाय कुठं आहे, तोल कुठं झुकलाय, हे बघत असतो. विचार तेव्हा करायचा. एकदा आत घुसलं की मग शंका नको.

ही हिंमत येते कुठून? सरावातून. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेल्या या पैलवानाला गादी नवखी होती. ते खचले नाहीत. चार वर्षं घाम गाळला नि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! एकच डाव हजारदा घोटला की अंग आपोआप हलतं. मनाला 'जमेल ना?' विचारायला सवडच मिळत नाही.

आणखी एक. जुजुत्सुत पकडीत पुरतं सापडलं की हातानं थाप मारून 'सोड' सांगतात. तीही वेळेवरच मारावी लागते. लाजेपोटी उशीर केला तर सांधा दुखावतो. थांबायचा निर्णयही झटपट घेता आला पाहिजे.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. मूल आखाड्यात असताना बाहेरून 'असं कर, तसं कर' ओरडू नका. दोन आवाज ऐकणारं मूल मधेच थबकतं. आणि चुकून हरलं, तर 'डाव टाकलास, शाबास!' एवढं आधी म्हणा.

आता या आठवड्याचा गृहपाठ. वर्गात उत्तर येत असूनही हात अर्धाच वर जातो ना तुमचा? तो सरळ वर करा. उत्तर चुकलं तर चुकलं! मात्र कुस्तीचे डाव वस्तादांच्या समोर, मातीत किंवा गादीवरच. शाळेच्या फरशीवर नाही हं!