अट आणि अडवणूक

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचे सॉफ्टवेअर नव्हे. वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि इतरांस देण्याची मोकळीक ज्यात आहे, ते मुक्त. या मोकळिकीच्या रक्षणार्थ १९८९ साली आलेल्या ग्नू जनरल पब्लिक लायसन्सने प्रोग्रॅमची प्रत घेणाऱ्यास त्याचा सोर्स कोडही मिळालाच पाहिजे, अशी अट घातली. पुढे प्रोग्रॅम दूरच्या सर्व्हरवर चालू लागले. तेथे ग्राहकास सेवा मिळते, प्रत मिळत नाही. आणि प्रत दिली नाही म्हणजे अटही लागू होत नाही! फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नोव्हेंबर २००७ मध्ये ॲफेरो जनरल पब्लिक लायसन्सची तिसरी आवृत्ती काढून ही पळवाट बुजविली. प्रोग्रॅममध्ये फेरफार करून तो नेटवर्कवरून लोकांस वापरू देणाऱ्याने बदललेला सोर्स कोडही त्यांस उपलब्ध करावा, असे तिचे तेरावे कलम सांगते.

हा वापरावरच निर्बंध नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. तो आम्हांस पटत नाही. प्रोग्रॅम आहे तसा चालविणाऱ्यावर हे कलम कसलाच भार टाकीत नाही. स्वतःपुरता बदल करणाऱ्यावरही नाही. अमक्या धंद्यास मनाई, तमक्या व्यक्तीस बंदी, असा भेदही त्यात नाही. म्हणूनच डेबियन प्रकल्पाने आपल्या १९९७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या कसोटीवर २००८ मध्ये हा परवाना ग्राह्य मानला. गुगलसारखी कंपनी आपल्या कामात त्याला मज्जाव करते, हे खरे. परंतु एखाद्या कंपनीची गैरसोय झाली म्हणून परवाना अमुक्त ठरत नाही.

तथापि नेटवर्कचे नाव घेणारी प्रत्येक अट न्याय्य असते असे नव्हे. मोंगोडीबी कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲफेरो सोडून सर्व्हर साइड पब्लिक लायसन्स पुढे केले. प्रोग्रॅम सेवा म्हणून पुरविणाऱ्याने देखरेख, बॅकअप, साठवण, होस्टिंग यांसाठी वापरलेले भोवतालचे सारे प्रोग्रॅमही त्याच परवान्याखाली खुले करावेत, अशी त्याची मागणी. बड्या क्लाउड कंपन्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढतात, ही तक्रार निराधार नव्हे. पण जी पाळणे जवळजवळ अशक्य, ती अट नसून एका धंद्यास केलेली मनाईच होय. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने जानेवारी २०२१ मध्ये या परवान्यास ओपन सोर्स म्हणता येणार नाही, असे स्पष्ट केले ते योग्यच झाले. त्याच वाटेने गेलेल्या इलास्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये ॲफेरोचा पर्याय खुला केला, हेही पुरेसे बोलके आहे.

आमच्या प्रोग्रॅममध्ये घातलेली भर सर्वांस पाहू द्या, हे सांगणे रास्त आहे. त्याबदली आपले सारे घरदार लिहून द्या, हे सांगणे रास्त नाही. मुक्ततेच्या नावाने निघणाऱ्या प्रत्येक नव्या परवान्याची पारख याच रेषेवर झाली पाहिजे.