रिमोट कुणाच्या हातात?

आमच्या आईला माऊस हातात दिला की ती तो झुरळ धरावं तसा धरते. टाइप करून शोध वगैरे तर विषयच सोडा. त्यामुळे हौसेने बसवलेला 'होम मीडिया कॉम्प्युटर' म्हणजे रास्पबेरी पाय, एक हार्डडिस्क आणि जुना मॉनिटर घरात फक्त मीच चालवायचे. आणि मी म्हणजे फ्रीलान्सर. कधी हडपसर, कधी हिंजवडी, रात्री नऊनंतर घरात.

हार्डडिस्कवर सिनेमे वगैरे होतेच, पण खरा माल होता बाबांच्या हँडीकॅमच्या टेप्स. ते गेल्यावर मी त्या सगळ्या डिजिटल करून घेतल्या. मुंज, गणपती, महाबळेश्वर, माझं गॅदरिंग. बाबा कॅमेऱ्यामागे असल्यामुळे दिसत कुठेच नाहीत, नुसते ऐकू येतात. "अगं, इकडे बघ!" आई हे बघायला दुपारी मोकळी असते. दुपारी मी नसते. एकदा म्हणाली, "म्हणजे ह्यांना ऐकायचं तरी तुझी वाट बघत बसायचं का मी?"

बास. रिमोट लावायचा ठरलं.

रिमोट घरात होताच! टीव्ही भंगारात गेला, पण त्याचा रिमोट आईने जपून ठेवला होता, तोही प्लॅस्टिकच्या पिवळ्या पडलेल्या कव्हरसकट. सेल चालतात का हे बघायचा एक सोपा फंडा सांगते. रिमोटचं तोंड मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्याकडे करा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा स्क्रीनवर जांभळट लुकलुकतो. (मागच्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा तो प्रकाश गाळणारी काच असते, म्हणून सेल्फी.) आमचा लुकलुकला.

आता पकडणारा हवा. शनिवारी बुधवार पेठेत तापकीर गल्ली गाठली. गल्लीचं वैशिष्ट्य असं, की तुम्ही काय मागताय यावरून तुम्हाला किती कळतं ते दुकानदार तीन सेकंदांत ओळखतो. "काका, टीसॉप १७३८ द्या." काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशाला लावणार?" म्हटलं, रास्पबेरी पायला. "मग ३८२३८ न्या. १७३८ पाच व्होल्टचा. तुमच्या पायच्या पिनांना साडेतीन झेपत नाहीत, पाच काय झेपणार?" नेमका आकडा ३.३ व्होल्ट, पण मुद्दा शंभर टक्के खरा. अडीच ते साडेपाच व्होल्टवर चालणारा ३८२३८ घेऊन मी ऐटीत घरी आले.

आणि घरी येऊन आकृती मात्र १७३८ चीच समोर ठेवली! दोघांचं काम एकच, दिसणंही जवळपास एकच, पण पायांचा क्रम वेगळा. १७३८ मध्ये डावीकडून ग्राउंड, वीज, सिग्नल. ३८२३८ मध्ये सिग्नल, ग्राउंड, वीज. जोडलं, बोट लावलं, चटका बसला. मासकॉमच्या दोन वर्षांत जे शिकवलं नाही, ते एका सेकंदात कळलं. वायर उपटली. पाय वाचला, सेन्सर गेला. पुन्हा तापकीर गल्ली. काका काही बोलले नाहीत, पण त्यांच्या न बोलण्यातही बरंच होतं.

दुसऱ्या खेपेला नीट जोडलं. वीज पहिल्या पिनेला, ग्राउंड सहाव्या, सिग्नल बाराव्या, म्हणजे जीपीआयओ १८. तरी शुकशुकाट! दोन रात्री गेल्या. घोळ असा, की मी वाचत होते ती माहिती २०१५ ची. तेव्हा सेटिंगच्या फाइलमध्ये 'एलआयआरसी-आरपीआय' अशी ओळ टाकत. लिनक्सच्या ४.१९ कर्नलपासून रास्पबेरीने ती काढली आणि जागेवर 'जीपीआयओ-आयआर' आली. एक ओळ बदलली, रीस्टार्ट केलं, बटण दाबलं आणि स्क्रीनवर आकडे उमटले! रात्री दीड वाजता मी एकटीच नाचले.

रिमोट निघाला फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीचा. प्रत्येक बटणाला एक आकडा, आवाज वाढव म्हणजे १६, कमी कर म्हणजे १७. कुठला आकडा म्हणजे काय, याची यादी करून कोडीला दिली. (कोडी म्हणजे तेच जुनं एक्सबीएमसी, नाव २०१४ मध्ये बदललं.) तुमचा टीव्ही नवा असेल तर आधी सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी आहे का बघा. असेल तर टीव्हीच्याच रिमोटवर पाय चालतो, या भानगडीत पडायची गरजच नाही. आमच्या मॉनिटरला ते नव्हतं.

रविवारी आईला खुर्चीत बसवलं. तिने बटण दाबलं. काही नाही. मी जवळ जाऊन दाबलं तर चाललं. दोन फुटांवरून चालतं, खुर्चीतून नाही! मग लक्षात आलं, सेन्सरच्या नावातले शेवटचे दोन आकडे उगाच नसतात. ३८ म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. आरसी-५ मात्र ३६ वर बोलतो. थोडाफार फरक सेन्सर चालवून घेतो, पण पल्ला कमी होतो. त्यात मी तो मॉनिटरच्या आड लपवला होता, शोभेसाठी. तिसरी खेप. काकांनी न विचारता ३८२३६ काढून दिला. तो पुढे, मॉनिटरच्या कडेला दुहेरी टेपने चिकटवला. दिसायला गबाळा दिसतो. दिसू दे.

परवा दुपारी काम लवकर संपलं म्हणून घरी आले तर दाराबाहेरच बाबांचा आवाज. "अगं, इकडे बघ!" मग थांबला. मग पुन्हा तेच, "अगं, इकडे बघ!" आई रिवाइंडचं बटण शोधून मोकळी झाली होती. मला बघून म्हणाली, "चहा ठेव गं, मला जरा उठता येत नाहीये."