काळजी साहेबाला, दुखणे शिपायाला

हृदयविकार हा साहेब लोकांचा रोग, असा एक समज आपल्याकडे फार दिवसांचा आहे. मोठी खुर्ची, मोठी जबाबदारी, म्हणून मोठे दुखणे! कारकुनाने काय, पगार घ्यावा आणि निवांत झोपावे. फराळाला चार माणसे जमली की हे मत मी हटकून ऐकतो, आणि दर वेळी मला लंडनचे व्हाइटहॉल आठवते.

व्हाइटहॉल म्हणजे ब्रिटिश सरकारच्या कचेऱ्यांचा रस्ता. १९६७ साली तिथल्या सुमारे १८,००० पुरुष नोकरदारांची तपासणी सुरू झाली. पुढे कोण कशाने दगावला याची नोंद ठेवली गेली, आणि हिशेब उलटाच निघाला. अगदी खालच्या पायरीवरील माणसांत हृदयविकाराचे मृत्यू वरिष्ठ साहेबांच्या तिपटीहून अधिक! सिगारेट, रक्तदाब यांचा वाटा वजा केला तरी बराच फरक उरलाच. १९८५ साली दुसरी पाहणी सुरू झाली. तीत स्त्रियाही होत्या. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की ज्यांना स्वतःच्या कामात काही ठरविण्याची मुभा नसते, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक.

पण ही गोष्ट कचेरीत सुरू होत नाही. ती पाळण्यात सुरू होते. इंग्लंडातल्याच हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून बाळांची वजने वहीत टिपून ठेवीत. डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्यांवरून १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला. १९८९ साली निष्कर्ष छापून आले. वर्षाचे असताना ज्यांचे वजन १८ पौंड किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण २७ पौंड वा अधिक वजनाच्या बाळांच्या अडीच पटींहून जास्त निघाले.

मग नशिबाला बोल लावीत बसावे काय? मुळीच नाही. धोका वाढतो, विकार ठरलेला नसतो. तंबाखू सोडणे, चालणे, रक्तदाब तपासून घेणे हे तर हवेच. पण वाचकहो, मी आणखी दोन गोष्टी सुचवीन. घरात गरोदर सूनबाई असेल, तर ती सर्वांच्या मागून उरलेसुरले खाऊन उठत नाही ना, एवढे पाहा. आणि कचेरीत तुमच्या हाताखाली माणसे असतील, तर त्यांचे काम ठरविताना त्यांनाही विचारा. दिवाळीची पोस्त आपण देतोच. तिच्याबरोबर एवढा मान द्यायला पैसा पडत नाही.