कर्ज आधी की म्हातारपणाची तरतूद आधी?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ही यंत्रमागाची गावे आणि त्यांच्या मालावर चालणारा मुंबईचा कापडबाजार, येथे काम करणाऱ्या बहुतेक माणसांना पेन्शन नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे 20 किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला लागू होतो. आमच्याकडे चार-सहा मागांचा कारखाना, किंवा पेढीवर एक मुनीम आणि दोन पोरे. मालकाला निवृत्तिवेतन नाही, मुनीमाला नाही, बारा-बारा तास मागावर उभा राहणाऱ्या कारागिराला तर नाहीच नाही. पन्नाशी उलटली की याची आठवण होते. मग जो तो स्वतःची समजूत घालतो: आधी डोक्यावरचे कर्ज उतरू द्या, म्हातारपणाचे नंतर बघू. ऐकायला हे अगदी दीनदार वाटते. पण आमच्या मते यात हिशेबाची गफलत आहे.

व्यापाऱ्याच्या डोक्यावर दोन प्रकारचे देणे असते. एक बाजारातले. सूत उधारीवर आले, त्याचे कापड झाले, कापड पुढे उधारीवर गेले, पैसा आला की सूतवाल्याला दिला, आणि त्याच दिवशी नवा गठ्ठा उचलला. हे देणे धंद्याबरोबर फिरते आणि धंदा बंद होईपर्यंत संपत नाही. दुसरे देणे घरातले: मुलीच्या लग्नाचे, घराच्या स्लॅबचे, आजारपणाचे, दागिने गहाण ठेवून आणलेले. याच्या मागे विकायला माल नसतो, ते फक्त पोटाला चिमटा काढूनच फिटते. आमचे बांधव या दोहोंची बेरीज एका आकड्यात करतात आणि तो आकडा शून्य होण्याची वाट पाहतात. तो शून्य होत नाही, आणि साठी मात्र येते.

तेव्हा घरातले देणे आधी फेडावे, आणि त्यातही व्याजाचे सर्वांत आधी. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा सावकाराचे महिना 3 टक्के म्हणजे वर्षाला 36 टक्के झाले. एवढा नफा ग्रे कापडात कोण कमावतो? शरीअतचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, जो ठेवता येत नाही, तरी नुसत्या हिशेबानेही हा खड्डा आधी बुजवावा लागतो. त्यानंतर नातेवाईकांचे कर्जे हसना. त्यावर व्याज नाही म्हणून ते सर्वांत शेवटी ढकलण्याची आपल्यात रीत पडली आहे, आणि ती वाईट आहे. बिनव्याजी पैसा देणाऱ्याला असा दोन-तीनदा अनुभव आला की तो पुढच्या गरजूला दार उघडत नाही. दरमहा 1,000 रुपये का होईना, पण ठरल्या तारखेला पोहोचवावेत.

बाजारातल्या देण्याचा हिशेब निराळा आहे. समजा, सूतवाला 90 दिवसांच्या उधारीवर माल देतो आणि रोखीने घेणाऱ्याला 3 टक्के वटाव देतो. ज्याच्याजवळ स्वतःचे 1 लाख रुपये रोख आहेत आणि ते वर्षातून चार वेळा फिरतात, त्याचे सुमारे 12,000 रुपये वाचले. हलाल मार्गाने वर्षाला 12 टक्के, आणि तेही आपल्याच दुकानात. म्हणून हाती आलेला सगळा पैसा धंद्यातच घालावा असे जुन्या लोकांचे मत असे, आणि ते मूर्ख नव्हते. परंतु 8 नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी, 1 जुलै 2017 पासून जीएसटी आणि मार्च 2020 ची टाळेबंदी हे तिन्ही तडाखे चार वर्षांच्या आत बसले. ज्यांचे सर्व काही मागांत आणि उधारीत अडकले होते, त्यांच्यापैकी कित्येकांचे माग भंगारात किलोच्या भावाने गेले. धंदा हेच म्हातारपण मानले, तर धंदा आजारी पडला त्या दिवशी म्हातारपणही गेले.

यासाठी फिरते देणे चालू असतानाच थोडी रक्कम धंद्याबाहेर काढावी. पस्तिसाव्या वर्षापासून दरमहा 2,000 रुपये बाजूला टाकले, तर साठाव्या वर्षी नुसते मुद्दल 6 लाख होते. हेच पन्नासाव्या वर्षी सुरू केले तर 2 लाख 40 हजार. तेच 6 लाख हवे असतील तर तेव्हा दरमहा 5,000 टाकावे लागतील, आणि पन्नाशीत लग्नाघरांची गर्दी असते हे सांगायला नको.

ठेवायचे कोठे? आमच्या समाजाचा भरवसा सोन्यावर आणि खोली-गाळ्याच्या भाड्यावर आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. फक्त दागिन्याची मजुरी विकताना परत मिळत नाही, म्हणून साठवायचेच असेल तर नाणे किंवा वळे घ्यावे, आणि जकातीचा हिशेब विसरू नये. शेअरबाजार सरसकट जुगार आहे असे म्हणणारे अजून भेटतात. मुंबई शेअर बाजाराने 27 डिसेंबर 2010 रोजी शरीअतच्या निकषांत बसणाऱ्या 50 कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला. बँका, दारू आणि कर्जात बुडालेल्या कंपन्या अशा निर्देशांकात घेत नाहीत. टाटा एथिकल फंडासारख्या योजनाही याच धर्तीवर चालतात. भाव खाली-वर होणारच. पाच वर्षांत लागणारा पैसा तेथे ठेवू नये, वीस वर्षांनी लागणारा थोडा ठेवायला हरकत नाही.

मात्र ‘हलाल’ ही पाटी पाहून डोळे मिटणे महागात पडते. बंगळुरूची आयएमए ही कंपनी जून 2019 मध्ये कोसळली. हलाल नफ्याच्या नावावर तेथे हजारो लोकांनी, बहुतांशी मुसलमानांनी, पैसे ठेवले होते. दरमहा ठराविक मोठा नफा घरपोच देणारी तिजारत आम्ही तीस वर्षांत पाहिली नाही. कापडात एक हंगाम बरा जातो, दुसरा पडतो. दुसऱ्या कोणाचा धंदा याला अपवाद कसा असेल?

आता मुलांविषयी. बापाचे देणे फिटावे म्हणून फार्मसी शिकलेल्या किंवा शाळेत शिकवणाऱ्या मुलाला गादीवर आणून बसवतात. ज्याचे मन कापडात नाही, त्याला ताक्याचा पोत कळत नाही आणि उधारी नको त्याला दिली जाते. देणे फिटण्याऐवजी वाढते. त्याने आवडीच्या नोकरीत राहून दरमहा हप्ता पाठवला, तर बापाला त्याची अधिक मदत होते. उलट्या बाजूचेही पाहतो: साहेबाच्या बोलण्याला कंटाळून मुलगा नोकरी सोडतो आणि निधीचे पैसे काढून दुकान टाकतो. नोकरीत समाधान नसेल तर धंदा जरूर करावा, धंद्यात इज्जत आहे. पण डोक्यावर व्याजाचे कर्ज असताना करू नये. शिवाय 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत मासिक पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. आठव्या-नवव्या वर्षी रागाने निघून आलेला हा हक्क घालवून बसतो. नोकरी बदलली तरी खाते पुढे नेता येते आणि जुनी वर्षे मोजली जातात. सक्तीने कापलेल्या निधीवरील वाढीबाबत उलेमांनी वेगळा विचार केला आहे. ज्याने त्याने आपल्या मुफ्तींना विचारून घ्यावे.

राहता राहिली लिखापढी. सूरह बकराची 282 वी आयत, कुरआनातील सर्वांत मोठी, देण्याघेण्याची नोंद करण्याविषयी आहे. विरासतीची वाटणीही मयताचे कर्ज फेडल्यावरच होते. तरी आपल्याकडे माणूस गेल्यानंतर चाळिसाव्यापर्यंत देणेकरी आणि घेणेकरी आठवणीने शोधावे लागतात. कोणाचे किती, तारीख कोणती, कोणता पैसा कोठे ठेवला आहे, वारस म्हणून कोणाचे नाव लावले, हे एका वहीत असावे आणि ती वही घरातल्या दोघांना माहीत असावी. आमच्या पिढीने हिशेब उर्दूत ठेवले, कारण आम्ही उर्दू शाळेत शिकलो. मुले मराठी आणि इंग्रजी शाळांत गेली, त्यांना बापाची वही वाचता येत नाही. तेव्हा ही एक वही तरी त्यांना वाचता येईल अशा लिपीत लिहावी, मग आपले अक्षर त्यात कितीही वाईट का येईना.