जनुक तयार आहे, यंत्र कुठाय?

मेसमध्ये ज्वारीची भाकरी झाली की सोलापूर-लातूरची पोरं रांगेत पुढे आणि बाकीचे विचारतात, "डाएटवर आहेस का?" मित्रांनो, मुंबईत भाकरी डाएट झालीये खरी. परवा लालबागला दुकानात भाव विचारला, तर ज्वारी गव्हापेक्षा महाग! आमच्या मंगळवेढ्याकडे मात्र ज्वारी पेरणारा वर्षागणिक कमी होतोय. हे कोडं काय, ते जरा बघू.

सध्या दुष्काळात तग धरणाऱ्या जनुकांची फार चर्चा आहे. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने 'पूसा डीएसटी राईस 1' हे जनुक-संपादित भाताचं वाण जाहीर केलं. त्यात डीएसटी नावाचं मूळचंच जनुक निकामी केलंय. त्यामुळे पानावरची रंध्रं कमी होतात आणि पाण्याची वाफ कमी उडते. आपल्या भाषेत सांगायचं तर झाडात एक कंट्रोल सिस्टीम असते. मुळांना माती कोरडी लागली की ॲब्सिसिक ॲसिड वाढतं, रंध्राच्या कडेच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी ढिल्या पडतात, व्हॉल्व्ह बंद. पण व्हॉल्व्ह बंद म्हणजे कार्बन डायऑक्साइडही बंद, म्हणजे दाणा भरायचा थांबला. फुकट काही नाही! जपानमध्ये 1999 साली डीआरईबी1ए हे 'स्विच' जनुक सतत चालू ठेवून पाहिलं, तर रोपं ताण सोसायची पण खुरटायची. मग ताण आला तरच ते चालू व्हावं अशी योजना केली, तेव्हा कुठे जमलं.

आता आमची मालदांडी बघा. मालदांडी 35-1 हे वाण 1930च्या दशकात मोहोळला शेतकऱ्यांच्याच देशी ज्वारीतून निवडलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, नंतर पाऊस येईलच असं नाही. काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलाव्यावर पीक निघतं. ज्वारीत 'स्टे-ग्रीन' म्हणतात असे जनुकांचे चार पट्टे सापडलेत, स्टीजी1 ते स्टीजी4. ते इथिओपियाकडच्या ज्वारीतून आले. हे पट्टे असले की फुटवे कमी फुटतात, वरची पानं लहान राहतात, म्हणजे फुलोऱ्याआधी पाणी कमी खर्च होतं. वाचलेलं पाणी दाणा भरताना कामी येतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनीऑर्डर उडवणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं! या पट्ट्यांवर हैदराबादच्या इक्रिसॅटमध्येही काम झालंय. राहुरीच्या विद्यापीठाने फुले वसुधा, फुले सुचित्रा अशी रब्बी वाणं दिली. म्हणजे बी आहे, ज्ञानही आहे.

मग अडतंय कुठे? माझ्या मते काढणीत. रब्बी ज्वारी आमच्याकडे मुळासकट हाताने उपटतात. फेब्रुवारीत जमीन भेगाळलेली, दगडासारखी. चार दिवसांत तळहात सोलतात. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. गव्हाचं हार्वेस्टर घातलं तर दाणा मिळतो, पण माणसाहून उंच ताटाचा चुरा होतो. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला कडबा दाण्याइतकाच मोलाचा. आमचे चुलते म्हणतात, "पाणी मिळालं की ऊस लावायचा. तोडायला टोळी येती." त्यांचं चुकतंय असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण दुष्काळी तालुक्यात सगळ्यात काटकसरी पीक मागे हटावं आणि सगळ्यात तहानलेलं पुढे यावं, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, जनुकं बदलून ज्वारी ठेंगणी करा, मशीन चालेल. पण ताट ठेंगणं झालं की कडबा घटला! हा प्रश्न बायोटेकवाल्यांचा कमी आणि मेकॅनिकलवाल्यांचा जास्त आहे. उभं ताट धरून, न चुरता, मुळासकट किंवा बुडातून काढून पेंढी बांधणारं, लहान ट्रॅक्टरला जोडता येणारं आणि गावात चार जणांना मिळून घेता येईल इतकं स्वस्त यंत्र हवं. आपल्याकडे दर वर्षी फायनल इयरला लाईन फॉलोअर रोबो किती होतात, ते लॅबच्या कपाटात मोजा.

ताट उपटायला नेमका किती जोर लागतो, हे मोजण्यापासून सुरुवात करता येईल. स्प्रिंग बॅलन्स आपल्या लॅबमध्ये आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री दादरला थांबते, सोलापूरहून पुढे एसटी. काढणी फेब्रुवारीत. ज्यांना यायचंय त्यांनी जानेवारीच्या सबमिशनआधी मला सांगा, घरी जेवणाचं कळवावं लागेल.