घरकुल मिळते, दुरुस्ती मिळत नाही

वॉशिंग्टन शहरात ‘याहाद’ नावाची एक ज्यू धर्मादाय संस्था आहे. घर स्वतःचे आहे, पण ते टिकवायला हातात पैसा नाही, अशा कुटुंबांची घरे ती दुरुस्त करून देते. वृद्धांना आणि अपंगांना घरात ये-जा करता यावी म्हणून रॅम्प बसवणे हाही तिच्या कामाचा भाग. लाभ घेणारा ज्यू असावा, अशी अट नाही. महाराष्ट्रात ज्यूंचा दानधर्म म्हटले की पुण्याचे ससून रुग्णालय किंवा मुंबईचे डेव्हिड ससून ग्रंथालय आठवते. त्या भव्य वास्तूंपुढे गळके छत सांधण्याचे काम नजरेत भरत नाही. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागाला मात्र उपयोगाचे आहे ते हेच.

या कामाला जुन्या धर्मविचाराचा आधार आहे. नवे घर बांधणाऱ्याने छपराला कठडा घालावा, म्हणजे कोणी पडून दगावल्याचा दोष घरावर येणार नाही, अशी आज्ञा ‘तोरा’ या ज्यू धर्मग्रंथातील ‘अनुवाद’ या पुस्तकात आहे. सपाट छपरावर वावरणाऱ्या लोकांसाठी केलेला हा नियम इथल्या माळवदालाही लागू पडावा! बाराव्या शतकातील पंडित मैमोनिडीज याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांतली सर्वांत वरची म्हणजे माणसावर हात पसरण्याची वेळ येण्याआधीच भेट, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्याला सावरणे. बेघर झालेल्याला घर देण्यापेक्षा त्याची भिंत पडू न देणे या कसोटीवर श्रेष्ठ ठरते.

सीमाभागातल्या जुन्या घराची रचनाच सतत निगा मागणारी आहे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि वर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी छतावर माती चढवली नाही, तर ते गळते, तुळई कुजते आणि भिंतीत पाणी उतरते. माती चढवणारे हात आता पुण्या-हैदराबादेत मजुरीला गेलेले असतात. मागे उरतात म्हातारी माणसे. एका पावसाळ्याचे दुर्लक्ष काही शेकड्यांत निस्तरते. चार पावसाळ्यांचे लाखाच्या घरात जाते.

सरकारी मदत या दोन टोकांच्या मधल्या जागेत पोहोचत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील नव्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. जुन्या घराच्या दुरुस्तीची सोय त्यात नाही. आधीच्या इंदिरा आवास योजनेत कच्चे घर सुधारण्यासाठी निधीचा काही हिस्सा ठेवलेला असे. तो मार्ग बंद झाला, हे मोठे नुकसान. अतिवृष्टीत घराची अंशतः पडझड झाली तर आपत्ती निधीतून मदत मिळते, पण ती पडझडीनंतर. म्हणजे घर वाचवू पाहणाऱ्याला काही नाही. ते कोसळण्याची वाट पाहणाऱ्याचा अर्ज तेवढा पात्र.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मेली, ती बहुतांशी अशाच भिंतींखाली. मग असली घरे जपायची कशाला? या भिंतींचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतलेला नव्हता, आणि डोक्यावर वर्षानुवर्षे साचलेल्या मातीचा भार होता. हे दोन्ही दोष काढता येतात: छतावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार बांध-दगड घालणे, वरून भूकंपरोधक पट्टा फिरवणे. महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साह्याने लाखावर घरांसाठी दुरुस्ती-मजबुतीची योजना राबवली, तिचा पाया हाच होता. अनेक कुटुंबांनी मात्र त्या पैशांत जुन्या घराशेजारी नवी खोली बांधली, कारण दगडी भिंतीवरचा विश्वास उडाला होता. तंत्र बरोबर असूनही पटवून देण्यात कसूर राहिली. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’सारख्या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद-सहायक म्हणून पुढे आणले, ते याच कारणाने. दुरुस्तीचा नवा उपक्रम गवंड्याइतकाच या संवादावर उभा राहायला हवा. जी भिंत दुरुस्तीपलीकडे गेली आहे, तिथे नवे घरकुल हाच उपाय, हेही मान्य करावे.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न या भागात इतरांपेक्षा सोपा आहे. कलबुर्गीचे शरणबसवेश्वर संस्थान, बीदरचा नानक झिरा गुरुद्वारा यांच्याकडे दासोहाची आणि लंगरची भक्कम परंपरा आहे. अन्नदानाला हात न लावता देणगीचा एक लहान वाटा दुरुस्तीसाठी वेगळा काढता येईल. रोख रक्कम हाती देण्याऐवजी तुळया, पत्रे आणि गवंड्याची मजुरी थेट द्यावी. घरांची पाहणी होळीनंतर लगेच व्हावी, म्हणजे मृगाच्या आत काम उरकेल. यादीत जात-धर्म न पाहता एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांची घरे आधी घ्यावीत.

— एक वाचक, कोळार